पिप म्हणतं आहे, पायथन म्हणतं नाही: 'नो मॉड्यूल नेम्ड ओपनपायएक्सेल'

पेटीचा_हिशेब (देवगड)

विंडोज 11. हापूसच्या ऑर्डरींची एक्सेल फाइल वाचून गाडीनिहाय यादी काढणारी छोटी स्क्रिप्ट आहे. गिऱ्हाईक, गाव, पाच डझनी पेट्या किती, सहा डझनी किती, वाशीपर्यंतचं भाडं, एवढंच. फाइलचं नाव हिशेब.पीवाय. नाव खरोखरच देवनागरीत आहे, मागचं .पीवाय तेवढं रोमन. बाहेरचं पॅकेज एकच: ओपनपायएक्सेल.

टर्मिनल उघडून 'पायथन हिशेब.पीवाय' दिलं की यादी व्यवस्थित निघते. व्हीएस कोडमधलं त्रिकोणी बटण दाबलं तर मात्र:

मॉड्यूलनॉटफाउंडएरर: नो मॉड्यूल नेम्ड 'ओपनपायएक्सेल'

फाइलवर डबल-क्लिक केलं तर काळी खिडकी लुकलुकते आणि बंद होते. पिपला (पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन) विचारलं तर तो म्हणतो:

रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड: ओपनपायएक्सेल इन सी:\...\प्रोग्राम्स\पायथन\पायथन311\लिब\साइट-पॅकेजेस (3.1.5)

पॅकेज काढून पुन्हा टाकलं, मशीन रीस्टार्ट केलं, व्हीएस कोड बंद करून उघडलं. फरक शून्य.

हे सुटलं की पुढे दोन कामं आहेत. पॅकिंगच्या शेडमधल्या लॅपटॉपवर हेच बसवायचंय, पण तिथे हॉटस्पॉटला एकच काडी येते आणि पिप मध्येच 'रीडटाइमआउटएरर' देऊन थांबतं. आणि रोज पहाटे 5 वाजता टास्क शेड्यूलरकडून स्क्रिप्ट चालवायची आहे.

---

खाडीकाठ

उत्तर तुम्ही चिकटवलेल्या पिपच्या ओळीतच आहे. ती ओळ 'आहे' एवढंच सांगत नाही, कुठे आहे तेही सांगते: पायथन311. आता प्रश्न एवढाच की बटण दाबल्यावर जो पायथन उठतो तो 311 आहे का.

(कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये नेहमीसारख्या रोमनमध्येच टाइप करा. 'पीवाय' म्हणजे पी आणि वाय ही दोनच अक्षरं.)

आधी हे द्या:

पीवाय -0पी
व्हेअर पायथन

पहिल्यात शून्य आहे, ओ नव्हे. मग हिशेब.पीवायच्या अगदी वर, ओपनपायएक्सेलच्या ओळीच्याही आधी, तात्पुरत्या तीन ओळी घाला:

इम्पोर्ट सिस
प्रिंट(सिस.एक्झिक्युटेबल)
इनपुट()

तिसरी ओळ खिडकी धरून ठेवण्यासाठी. नाहीतर डबल-क्लिकवर काय छापलं ते दिसायच्या आत खिडकी मिटते. आता स्क्रिप्ट तिन्ही प्रकारे चालवा, टर्मिनल, बटण आणि डबल-क्लिक, आणि तिन्ही वेळा आलेला पत्ता इथे टाका. तोवर काहीही इन्स्टॉल करू नका. आंधळेपणाने पाचव्यांदा इन्स्टॉल केलं की कुठल्या पायथनमध्ये काय आहे हे शोधणं आणखी अवघड होतं.

---

पेटीचा_हिशेब

पीवाय -0पी:

-व्ही:3.13 *   सी:\...\पायथन313\पायथन.एक्सई
-व्ही:3.11     सी:\...\पायथन311\पायथन.एक्सई

व्हेअर पायथन: पहिली ओळ पायथन311ची. खाली एक 'विंडोजअॅप्स' फोल्डरातली पायथन.एक्सई पण दाखवतोय.

टर्मिनल: 311. बटण: 313. डबल-क्लिक: 313.

3.13 नंतर टाकला होता. टाकताना 'अॅड पायथन.एक्सई टू पाथ' या चौकोनात टिक केली नव्हती.

---

खाडीकाठ

मग सगळं जुळलं. एका मशीनवर दोन पायथन म्हणजे एका वाडीतली दोन घरं. प्रत्येकाचं कोठार, म्हणजे साइट-पॅकेजेस फोल्डर, वेगळं. 311च्या कोठारात ठेवलेलं 313ला दिसत नाही आणि दिसूही नये, कारण बरीचशी पॅकेजेस एका आवृत्तीसाठीच बांधलेली असतात.

पाथमध्ये, म्हणजे विंडोज कमांड जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत, फक्त 311 आहे, म्हणून नुसतं 'पायथन' आणि नुसतं 'पिप' दोन्ही 311कडे जातात. डबल-क्लिक जातं 'पीवाय' या लाँचरकडे, आणि वेगळं काही सांगितलेलं नसलं तर लाँचर सर्वांत नवी आवृत्ती उचलतो. यादीत 3.13 पुढे तारा आहे तो त्याचाच. व्हीएस कोड पाथ बघत नाही. खाली उजव्या कोपऱ्यात जो इंटरप्रिटर, म्हणजे जो पायथन, निवडलेला असेल त्याचा पूर्ण पत्ता देऊन चालवतो. विंडोजअॅप्समधली पायथन.एक्सई हा खरा पायथन नाही, स्टोअरचं पान उघडणारी पाटी आहे. तुमच्याकडे ती दुसऱ्या नंबरवर आहे म्हणून त्रास देत नाही. नको असेल तर सेटिंग्जमध्ये 'अॅप एक्झिक्युशन एलियसेस' शोधून पायथनच्या पुढची बटणं बंद करा.

दुरुस्ती. या स्क्रिप्टपुरतं वेगळं कोठार, म्हणजे व्हेन्व्ह, करायचं. स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये जाऊन:

पीवाय -3.13 -एम व्हेन्व्ह .व्हेन्व्ह
.व्हेन्व्ह\स्क्रिप्ट्स\पायथन -एम पिप इन्स्टॉल ओपनपायएक्सेल
.व्हेन्व्ह\स्क्रिप्ट्स\पायथन हिशेब.पीवाय

बघा, अॅक्टिव्हेट कुठेच केलेलं नाही. पॉवरशेलमध्ये अॅक्टिव्हेट करायला गेलात तर 'रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड' अशी लाल ओळ येण्याची शक्यता आहे. ती 'सेट-एक्झिक्युशनपॉलिसी -स्कोप करंटयूजर रिमोटसाइन्ड' देऊन जाते, पण गरजच नाही. अॅक्टिव्हेट म्हणजे पाथमध्ये स्वतःला पुढे सरकवणं. पूर्ण पत्ता दिला की तेच काम होतं आणि विसरायला काही उरत नाही.

व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-शिफ्ट-पी, 'पायथन: सिलेक्ट इंटरप्रिटर', आणि यादीतून .व्हेन्व्ह असलेली ओळ. त्यानंतरही बटण .व्हेन्व्ह सोडून पाथमधल्या 311कडे जात असेल तर 'कोड रनर' नावाचं एक्स्टेन्शन बसलेलं आहे का पाहा. ते इंटरप्रिटरची निवड न विचारता पाथमधला पायथन पळवतं, आणि त्याचं बटणही तसंच त्रिकोणी दिसतं.

डबल-क्लिक मात्र .व्हेन्व्ह ओळखत नाही. त्याच फोल्डरमध्ये एक .बॅट फाइल करा:

सीएचसीपी 65001
"%~डीपी0.व्हेन्व्ह\स्क्रिप्ट्स\पायथन.एक्सई" "%~डीपी0हिशेब.पीवाय"
पॉज

तुमच्या फाइलचं नाव देवनागरी असल्यामुळे पहिली ओळ हवीच, आणि .बॅट फाइल यूटीएफ-8मध्ये, बॉम (फाइलच्या सुरुवातीची न दिसणारी खूण) न लावता सेव्ह करा. हे चुकलं की नावाच्या जागी चित्रविचित्र खुणा येतात आणि 'फाइल सापडत नाही' म्हणून ओरडा होतो.

---

माडाखाली (मालवण)

आदी ह्यां बघा, एका पॅकेजसाठी एवढा मांडव कशाला? एक ओळ पुरे:

पीवाय -3.13 -एम पिप इन्स्टॉल ओपनपायएक्सेल

बटणही चाललं, डबल-क्लिकही चाललं, .बॅट नको, काही नको. खाडीकाठ सांगतायत ते चूक नाही, पण आंब्याच्या यादीला व्हेन्व्ह म्हणजे होडीला पूल बांधल्यासारखं.

जुनं 3.11 कशाला लागत नसेल तर सेटिंग्जमधून काढूनच टाका. अर्धे घोळ तिथेच मिटतात. फक्त काढून झाल्यावर पाथमध्ये कुठलाच पायथन राहणार नाही, तेव्हा 'पायथन' ऐवजी 'पीवाय' लिहायची सवय करा, नाहीतर ती स्टोअरची पाटी पुढे येईल.

---

खाडीकाठ

एकच स्क्रिप्ट, एकच पॅकेज, एकच मशीन असेल तर मान्य. माडाखालींची ओळ बरोबर आहे, आणि त्यातला खरा ऐवज '-एम पिप' हा आहे. नुसतं 'पिप इन्स्टॉल' कधीच लिहू नका. 'अमुक पायथन -एम पिप' लिहिलंत की पॅकेज कुणाच्या कोठारात जाणार हे ओळीतच ठरतं.

पण इथे दुसरा लॅपटॉप येतोय आणि पहाटेची टास्कही येतेय. उद्या कुणी 3.14 टाकला की लाँचरचा तारा तिकडे सरकेल आणि डबल-क्लिक पुन्हा मोडेल. टास्क शेड्यूलरला एक न हलणारा पत्ता द्यायचा तर .व्हेन्व्ह बरा.

---

शेवटची_एसटी (राजापूर)

शेडमधल्या लॅपटॉपबद्दल.

ओपनपायएक्सेल मुळात हलकं आहे. चाकाची फाइल, म्हणजे पिप उतरवतं तो पॅकेजचा तयार गठ्ठा (.डब्ल्यूएचएल), साधारण 250 केबी, आणि त्याला लागणारं ईटी-एक्सएमएलफाइल त्याहून कितीतरी लहान. एका काडीवरही उतरायला हरकत नाही. अडचण अशी की पिप डीफॉल्टने 15 सेकंदच वाट बघतं. आधी हे करून बघा:

पीवाय -3.13 -एम पिप इन्स्टॉल --टाइमआउट 100 --रिट्राइज 10 ओपनपायएक्सेल

पुढे कधी पांडाज (तक्त्यांवर काम करणारं मोठं पॅकेज) लागलं तर गोष्ट वेगळी. ते नमपाय ओढून आणतं, दोन्ही मिळून 20 एमबीच्या वर जातात, आणि पावसाळ्यात वीज आणि नेट एकाच वेळी जायची आपल्याकडे रीतच आहे. तिथे पेनड्राइव्ह. नेट चांगलं असलेल्या मशीनवर:

पीवाय -3.13 -एम पिप डाउनलोड -डी चाके --ओन्ली-बायनरी=:ऑल: ओपनपायएक्सेल पांडाज

'चाके' नावाचा फोल्डर तयार होतो, त्यात मुख्य पॅकेजेस आणि त्यांना लागणारी बाकीची सगळी चाकं. फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, शेडमध्ये:

पीवाय -3.13 -एम व्हेन्व्ह .व्हेन्व्ह
.व्हेन्व्ह\स्क्रिप्ट्स\पायथन -एम पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स=चाके ओपनपायएक्सेल पांडाज

'--नो-इंडेक्स' विसरू नका. ते नसलं तर पिप फाइल शेजारी असूनही आधी इंटरनेटकडे बघत बसतं.

इथे हटकून चुकतं ते आवृत्तीचं. चाकाच्या नावात शेवटी 'सीपी313-सीपी313-विन_एएमडी64' असं असेल तर ते फक्त 3.13 आणि 64 बिट विंडोजवर बसेल. शेडच्या लॅपटॉपवर 3.12 असेल तर 'इज नॉट अ सपोर्टेड व्हील ऑन धिस प्लॅटफॉर्म' किंवा 'नो मॅचिंग डिस्ट्रिब्यूशन फाउंड' येणार. नावात 'नन-एनी' असेल तर कुठेही चालतं. ओपनपायएक्सेल त्या जातीचं आहे. आधी शेडच्या मशीनवर 'पीवाय -0पी' बघून या, आणि पायथन उघडल्यावर पहिल्या ओळीत '64 बिट (एएमडी64)' लिहिलंय का तेही. आवृत्ती वेगळी निघाली तर डाउनलोडच्या ओळीत भर घाला:

--प्लॅटफॉर्म विन_एएमडी64 --पायथन-व्हर्जन 3.12

लॅपटॉप फारच जुना, विंडोज 7 असला तर त्यावर 3.8च्या पुढचा पायथन बसतच नाही. मग चाकंही 3.8ची लागतील.

आणि तयार .व्हेन्व्ह फोल्डर उचलून पेनड्राइव्हवरून नेऊ नका. चालत नाही. आत 'पायव्हेन्व्ह.सीएफजी' नावाची फाइल आहे, त्यात 'होम =' पुढे तुमच्या मशीनवरच्या पायथन313चा पत्ता लिहिलेला असतो. दुसऱ्या मशीनवर त्या पत्त्यावर कुणी राहतच नाही. त्याच मशीनवर नुसतं फोल्डरचं नाव बदललंत तरी पिप.एक्सई 'फेटल एरर इन लाँचर' म्हणतं, कारण तिच्या पोटात जुना पूर्ण पत्ता असतो. '-एम पिप' तेव्हाही बहुधा चालतं. .व्हेन्व्ह हे नारळाच्या झापासारखं धरा: मोडलं की काढायचं आणि नवं घालायचं, शाकारत बसायचं नाही.

---

कातळशिल्प (रत्नागिरी)

मूळ प्रश्न सुटला, पण शोधत येणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. पायथन बरोबर, पिप बरोबर, तरी 'नो मॉड्यूल नेम्ड' येतं, त्याची माझ्या मते तीन कारणं उरतात.

नाव वेगळं. इम्पोर्टमध्ये लिहायचं नाव आणि पिपला द्यायचं नाव एकच असेल असा काही नियम नाही. सीव्ही2 हवं असेल तर पिपला 'ओपनसीव्ही-पायथन' सांगावं लागतं. पीआयएलसाठी पिलो, एसकेलर्नसाठी सायकिट-लर्न, यामलसाठी पाययामल, बीएस4साठी ब्यूटिफुलसूप4, डॉटएन्व्हसाठी पायथन-डॉटएन्व्ह. सर्वांत फसवं म्हणजे 'डॉक्स'. पिपला तेच नाव दिलं तर इन्स्टॉल होतं, पण ते जुनं पॅकेज आहे. इम्पोर्ट करताच 'नो मॉड्यूल नेम्ड एक्सेप्शन्स' असं भलतंच काही म्हणतं, आणि माणूस एक्सेप्शन्स नावाचं पॅकेज शोधत फिरतो. हवं असतं 'पायथन-डॉक्स'. आडव्या काट्यावर वजनाचे आकडे वाचायला लागणारं 'सीरियल' असंच: पिपला 'पायसीरियल' सांगायचं, नुसत्या 'सीरियल' नावाचं तिथे दुसरंच काहीतरी आहे. म्हणून एररमधलं नाव जसंच्या तसं पिपला देऊ नका. चुकीचं नाव 'सापडलं' तर ते कुणी मुद्दाम फसवायला ठेवलेलंही असू शकतं, आणि इन्स्टॉल होतानाच त्याचा कोड तुमच्या मशीनवर चालू शकतो. त्या लायब्ररीच्या स्वतःच्या पानावर इन्स्टॉलची ओळ असते, ती घ्या.

सावली. तुमच्याच फोल्डरमध्ये ओपनपायएक्सेल.पीवाय नावाची सरावाची फाइल असेल तर पायथन ती आधी उचलतो, कारण स्क्रिप्टचा स्वतःचा फोल्डर सिस.पाथमध्ये (पायथन मॉड्यूल शोधतो ती यादी) सर्वांत वर असतो. मग एरर अशी येते: नो मॉड्यूल नेम्ड 'ओपनपायएक्सेल.स्टाइल्स', 'ओपनपायएक्सेल' इज नॉट अ पॅकेज. हे 'इज नॉट अ पॅकेज' दिसलं की इन्स्टॉलेशनकडे बघूच नका, आपल्या फोल्डरमध्ये बघा. रँडम.पीवाय, कॅलेंडर.पीवाय, ईमेल.पीवाय ही नावं लोक हौसेने ठेवतात आणि त्याच फेऱ्यात अडकतात. खात्रीसाठी: प्रिंट(ओपनपायएक्सेल.__फाइल__). पत्ता साइट-पॅकेजेसमधला हवा.

शेपूट. विंडोज एक्सटेन्शन लपवतं. नोटपॅडमध्ये सेव्ह केलेली भाडे.पीवाय प्रत्यक्षात भाडे.पीवाय.टीएक्सटी असते. एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, शो, 'फाइल नेम एक्सटेन्शन्स'.

---

भाट्ये_पूल

यातच विचारतो. 3.10वर चालणारी जुनी स्क्रिप्ट 3.13वर 'नो मॉड्यूल नेम्ड डिस्टयूटिल्स' म्हणते. हे तर पायथनबरोबरच यायचं ना?

---

कातळशिल्प

यायचं, आता येत नाही. डिस्टयूटिल्स आणि आयएमपी ही दोन्ही मॉड्यूल्स 3.12मध्ये, म्हणजे ऑक्टोबर 2023 मध्ये, काढून टाकली. 3.13मध्ये सीजीआयसकट 19 जुनी मॉड्यूल्स गेली. '-एम पिप इन्स्टॉल सेटअपटूल्स' केलंत की डिस्टयूटिल्सची बदली मिळते आणि काम पुढे सरकतं. पण आधी ट्रेसबॅकमधली, म्हणजे एररच्या वर छापलेल्या फाइलींच्या यादीतली, शेवटची फाइल कुणाची आहे ते बघा. तुमची असेल तर ओळ बदला. साइट-पॅकेजेसमधली असेल तर ते पॅकेज जुनं झालंय, त्याची नवी आवृत्ती घ्या.

उबुंटूवर असाल तर आणखी एक: तिथे 23.04पासून नुसतं पिप 'एक्स्टर्नली-मॅनेज्ड-एन्व्हायर्नमेंट' म्हणून नकार देतं. त्याला '--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' हे उत्तर नाही, नावच काय ते सांगतंय. 'सुडो एपीटी इन्स्टॉल पायथन3-व्हेन्व्ह' करून व्हेन्व्हमध्ये जा. टीकेइंटर (खिडक्या-बटणं दाखवणारं मॉड्यूल) नाही म्हणत असेल तर तेही पिपने येत नाही, एपीटीनेच 'पायथन3-टीके' घ्यावं लागतं.

---

पेटीचा_हिशेब

.व्हेन्व्ह केला. बटण आणि .बॅट दोन्ही चालतात. शेडच्या लॅपटॉपवर 3.12 निघाला, टाइमआउट 100 देऊन ओपनपायएक्सेल तिसऱ्या प्रयत्नात उतरलं, पेनड्राइव्हची गरज पडली नाही.

पण भाड्याचा भाग वेगळ्या फाइलीत काढला आणि नवीन लफडं. फाइल त्याच फोल्डरमध्ये, नाव किनाऱ्याचे_भाडे.पीवाय. हिशेब.पीवायमध्ये:

इम्पोर्ट किनाऱ्याचे_भाडे

एरर: नो मॉड्यूल नेम्ड 'किनाऱ्याचे_भाडे'. शेपूट तपासलं, .टीएक्सटी नाही. टायपो नको म्हणून इम्पोर्टमधलं नाव कॉपी करून फाइलला तेच दिलं. दोन्ही हुबेहूब एक आहेत, तरी सापडत नाही. शेजारची घाटाचे_भाडे.पीवाय मात्र सापडते. घाटाला पावतो आणि किनाऱ्याला नाही?

---

कातळशिल्प

हुबेहूब दिसतात. संशय त्या 'ऱ'वर आहे.

पायथन 3मध्ये देवनागरी नावं चालतात, पण कोडमधलं प्रत्येक नाव वाचताना पायथन ते एनएफकेसी या युनिकोड रूपात आणतो. डिस्कवरच्या फाइलच्या नावाला मात्र हात लावत नाही. 'ऱ' दोन तऱ्हांनी साठवता येतो: एकच अक्षर 0931, किंवा र म्हणजे 0930 आणि त्याखाली नुक्ता 093सी. दिसायला दोन्ही सारखेच. एनएफकेसी दुसऱ्याचं पहिलं करतो. म्हणजे तुमच्या इम्पोर्टमध्ये नुक्तावाला असला तरी पायथन शोधतो एकअक्षरी, आणि डिस्कवर बसलाय नुक्तावाला. कॉपी केल्यामुळे चूक गेली नाही, जशीच्या तशी फाइलच्या नावात उतरली. 'घाटाचे' मध्ये ऱ नाही म्हणून तो सुटला.

तपासा:

इम्पोर्ट ओएस
फॉर नाव इन ओएस.लिस्टडिर():
    प्रिंट(अस्की(नाव))

अस्की() प्रत्येक अक्षराचा क्रमांक उघडा करतो. 0930च्या मागे लगेच 093सी दिसलं तर हेच. दुरुस्ती एका ओळीची, वर 'इम्पोर्ट युनिकोडडेटा' घालून त्याच फेऱ्यात:

    ओएस.रिनेम(नाव, युनिकोडडेटा.नॉर्मलाइज('एनएफकेसी', नाव))

तिसरी तऱ्हाही आहे: र, हलन्त आणि मग न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर, 200डी. काही कीबोर्ड आणि जुन्या फॉन्टवरून युनिकोड करणारे कन्व्हर्टर 'ऱ्या' असा लिहितात. तो कोडमध्ये आला तर 'इनव्हॅलिड नॉन-प्रिंटेबल कॅरेक्टर यू+200डी' असा सरळ सिंटॅक्सएरर येतो, म्हणजे निदान कळतं तरी. फाइलच्या नावात आला तर वरची ओळ त्याला सरळ करणार नाही, आणि नुसता जॉइनर पुसलात तर रफार होऊन 'किनार्याचे' राहील. ते नाव हातानेच पुन्हा टाइप करावं लागेल.

मराठी नावं ठेवण्यात गैर काही नाही, मलाही आवडतात. इम्पोर्ट करायच्या फाइलीला तेवढं ऱ नसलेलं नाव द्या. 'किनारा_भाडे' चालेल.

---

पेटीचा_हिशेब

0930, 093सी. तेच होतं. किनारा_भाडे केलं, सापडलं.

पहाटेची टास्क तेवढी राहिली. हाताने 'रन' दिलं तर 'लास्ट रन रिझल्ट'मध्ये 0एक्स1 दाखवतंय. मॉड्यूलचाच प्रश्न असेल का?

---

खाडीकाठ

0एक्स1 म्हणजे पायथन उठला आणि स्क्रिप्ट मध्येच पडली. कशावर पडली ते त्यातून कळत नाही. टास्कच्या अॅक्शनमध्ये तीन रकाने असतात. 'प्रोग्राम'मध्ये .व्हेन्व्हच्या स्क्रिप्ट्समधल्या पायथन.एक्सईचा पूर्ण पत्ता. 'आर्ग्युमेंट्स'मध्ये हिशेब.पीवाय. 'स्टार्ट इन'मध्ये फोल्डरचा पत्ता, आणि या रकान्यात पत्त्यात जागा असली तरी अवतरणचिन्हं घालायची नाहीत. घातली तर टास्क सुरूच होत नाही.

तुम्ही आर्ग्युमेंट्समध्ये पूर्ण पत्ता देऊन 'स्टार्ट इन' रिकामा सोडला असेल असं वाटतं. तसं असेल तर मॉड्यूल्स सापडतात, कारण इम्पोर्ट स्क्रिप्टच्या फोल्डरकडे बघतो, चालू फोल्डरकडे नाही. एक्सेलची फाइल मात्र चालू फोल्डरमध्ये शोधली जाते, आणि 'स्टार्ट इन' रिकामा असला की तो बहुधा विंडोजचा सिस्टिम32 असतो. म्हणजे मॉड्यूलनॉटफाउंड नव्हे, फाइलनॉटफाउंड. 'स्टार्ट इन' भरायचा नसेल तर स्क्रिप्टमध्येच पत्ता बांधा:

फ्रॉम पाथलिब इम्पोर्ट पाथ
घर = पाथ(__फाइल__).रिझॉल्व्ह().पेरेंट
वही = ओपनपायएक्सेल.लोड_वर्कबुक(घर / 'ऑर्डर.एक्सएलएसएक्स')

आणि ती वर घातलेली इनपुट()ची ओळ काढलीत ना? पहाटे 5 वाजता एंटर दाबायला तिथे कुणी नसणार.

---

पेटीचा_हिशेब

इनपुट() तशीच होती. 'स्टार्ट इन'ही रिकामा. दोन्ही केलं, आता 0एक्स0.